सोलो क्लॅरिनेट एन्सेम्बलमध्ये बुडतंय? आधी मधलं सप्तक मोकळं करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. बी-फ्लॅट क्लॅरिनेट सोलो आणि विंड एन्सेम्बल (मुख्यतः सुषिर, म्हणजे फुंकून वाजवायच्या, वाद्यांचा आणि तालवाद्यांचा वृंद) यांच्यासाठी साधारण १५ मिनिटांची नवी रचना लिहून झाली आहे. संगणकावर ती स्वच्छ ऐकू येत होती. प्रत्यक्ष पहिल्या वाचनात मात्र संथ भागात सोलो जवळजवळ नाहीसा झाला आणि द्रुत भागात नुसती बोटं हलताना दिसली. सगळ्या पार्टवर (प्रत्येक वादकाच्या स्वरलेखावर) ‘हळू’, म्हणजे कमी आवाजाची, खूण असूनही फरक पडला नाही. आता सोलोपुढे मायक्रोफोन ठेवावा, सोलोची ओळ वर चढवावी, की वाद्यं कमी करावीत?

मायक्रोफोन नको. मोकळ्या मैदानातला कार्यक्रम असेल तर गोष्ट वेगळी. सभागृहात तो लावला की सोलोचा आवाज वादकाकडून येण्याऐवजी स्पीकरमधून येतो, आणि झाकलेली ओळ मोठी होते पण मोकळी होत नाही. तुमची अडचण आवाज कमी पडण्याची नाहीच. एकाच सप्तकात एकाच जातीच्या नादाची फार वाद्यं एकत्र बसली आहेत, ही खरी अडचण आहे, आणि ती स्कोअरमध्येच सोडवावी लागेल.

क्लॅरिनेटसाठी कॉन्चेर्टो (सोलो वाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांची रचना) लिहायचा म्हटलं की आपण सगळे आधी मोझार्टकडे वळतो. त्यात चूक काही नाही, पण १७९१ च्या त्या कॉन्चेर्टोतला ऑर्केस्ट्रा एकदा नीट बघा. दोन फ्लूट, दोन बसून, दोन हॉर्न आणि तंतुवाद्यं. क्लॅरिनेट नाही, ओबोसुद्धा नाही. डॅनिश संगीतकार नील्सनने १९२८ च्या त्याच्या क्लॅरिनेट कॉन्चेर्टोत फ्लूटही काढून टाकले. दोन बसून, दोन हॉर्न, एक स्नेअर ड्रम आणि तंतुवाद्यं एवढंच ठेवलं. अमेरिकन संगीतकार कोपलँडने १९४८ च्या कॉन्चेर्टोत सुषिर वाद्यं पूर्णच वगळली आणि तंतुवाद्यं, हार्प, पियानो यांवर काम भागवलं. या तिघांनी सोलोच्या नादाशी टक्कर घेईल असं वाद्य मुळात आत येऊच दिलं नाही. तुम्हाला ती सोय नाही. विंड एन्सेम्बलचा कणाच क्लॅरिनेटचा असतो: ई-फ्लॅट, पहिलं, दुसरं, तिसरं, बास, कधी कॉन्ट्राबासही. सोलो वादक उभा राहतो तो थेट आपल्याच घराण्याच्या पुढ्यात.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की क्लॅरिनेट कॉन्चेर्टो काही दिवस बाजूला ठेवा आणि व्हायोलिन कॉन्चेर्टोचे स्कोअर उघडा. तिथेही सोलोच्या मागे त्याच जातीची वीस-तीस वाद्यं असतात आणि तरी सोलो ऐकू येतो. मेंडेलसोनच्या ई मायनर कॉन्चेर्टोचा पहिला भागच घ्या. सोलो दुसऱ्याच मात्रागटात येतो तो वरच्या सप्तकात, खाली ऑर्केस्ट्राची मंद कुजबुज चाललेली. मधली जागा मोकळी आहे. पुढे दुसरा विषय येतो तेव्हा तर तो सोलोकडे नसतोच. फ्लूट आणि क्लॅरिनेट ती धून घेतात आणि सोलो व्हायोलिन तिच्याखाली मोकळ्या तारेवरचा जी धरून बसतं. सोलो वादकाने आधारस्वर द्यायचा आणि साथीदारांनी गायचं! तरीही सगळ्यांचं लक्ष सोलोवरच असतं, कारण सोलो अशा ठिकाणी आहे जिथे दुसरं कोणी नाही. हीच युक्ती क्लॅरिनेटच्या सर्वांत खालच्या ई-एफ वर जशीच्या तशी चालते. वर तीन फ्लूट किंवा म्यूट लावलेले ट्रम्पेट धून घेतील आणि सोलो खालून तो काळाभोर स्वर हळूहळू फुगवत नेईल. मला विचाराल तर संपूर्ण एन्सेम्बलमध्ये याहून देखणी जागा सापडणं कठीण आहे.

आता वाद्याकडे येऊ. क्लॅरिनेट ही एका टोकाला बंद असलेल्या सरळ नळीसारखी वागते, म्हणून रजिस्टर की (वरचा प्रदेश उघडणारी कळ) दाबल्यावर तिचा स्वर सप्तकाने चढत नाही. तो सप्तक ओलांडून आणखी वर, पंचमावर जातो. खालच्या ई ची बोटं ठेवून ही कळ दाबली की मधल्या रेघेवरचा बी मिळतो. फ्लूट, ओबो, सॅक्सोफोन यांच्यात असं होत नाही. याचा परिणाम असा की क्लॅरिनेटला दोन मोठे, खणखणीत प्रदेश आहेत आणि त्यांच्यामध्ये एक अरुंद, अशक्त पट्टा आहे. पाच रेघांपैकी दुसऱ्या रेघेवरच्या जी पासून तिसऱ्या रेघेवरच्या बी-फ्लॅटपर्यंतचे हे चार स्वर (सगळे लिखित स्वर म्हणतोय; बी-फ्लॅट क्लॅरिनेटवर ते एक पूर्ण स्वर खाली ऐकू येतात). वादक त्यांना थ्रोट म्हणतात. इथे नळीचा अगदी थोडा भाग वाजत असतो, नादात हवा जास्त आणि गाभा कमी. चांगले वादक खालच्या हाताच्या बोटांनी छिद्रं झाकून हा नाद भरदार करतात, पण ते संथ गतीत जमतं, धावत्या ओळीत नाही.

आणि नेमका हाच पट्टा विंड एन्सेम्बलमध्ये सर्वांत गजबजलेला असतो. हॉर्न इथेच मनमोकळे गातात, आल्टो सॅक्सोफोन इथे घरच्यासारखा असतो, युफोनियमचा वरचा भाग इथेच येतो, दुसरी-तिसरी क्लॅरिनेटंही इथेच भरणा करत बसलेली असतात. तुमच्या संथ भागाचं वर्णन वाचून मला खात्री वाटते की सोलोची धून याच पट्ट्यात फिरते आहे.

एक उदाहरण स्वरांसकट करून दाखवतो. समजा आठ मात्रागटांची संथ धून आहे, प्रत्यक्ष ऐकू येणारा ई-फ्लॅट मेजर, सोलोच्या पार्टवर एफ मेजर. धून पहिल्या घरातल्या (दोन रेघांमधल्या पहिल्या जागेतल्या) एफ पासून तिसऱ्या घरातल्या सी पर्यंत जाते. साथीला चार हॉर्न आणि दोन आल्टो सॅक्स लांब कॉर्ड धरून आहेत, त्याच उंचीवर. कागदावर सगळं हळू लिहिलं आहे. पण सहा जणांचं हळू आणि एकाचं हळू यांची बेरीज करून पाहा. त्यातून सोलो वर येणार कसा? वादक मग जोर लावतो, थ्रोटचे स्वर जोराने भरत नाहीत, फक्त फाटतात, आणि तुम्हाला वाटतं वादक कमी पडला.

यावर सोलोला सरसकट वर चढवणं हा उपाय मला पटत नाही, कारण त्यात धूनीचा गंभीरपणा जातो. मी ती धून दोनदा येऊ देईन. पहिल्यांदा आख्खी एक सप्तक खाली, म्हणजे तिसऱ्या जादा रेघेवरच्या खालच्या एफ पासून. हा शॅल्युमोचा भाग, क्लॅरिनेटचा सर्वांत स्वतःचा आवाज. हॉर्न आणि सॅक्स पूर्ण बंद. वर मऊ मॅलेटने वाजणारा व्हायब्राफोन, दोन फ्लूट त्यांच्या खालच्या भागात, तळाशी बास क्लॅरिनेटचा एकच लांब स्वर आणि डबल बासची छेड. सोलोच्या वर साथ आहे, खाली साथ आहे, त्याच्या स्वतःच्या उंचीवर कोणीही नाही. दुसऱ्यांदा तीच धून दोन सप्तकं वर, पाचव्या रेघेवरच्या एफ पासून, क्लॅरिअनच्या उजळ भागात. आता हॉर्न त्यांच्या जुन्या जागी परत येऊ शकतात, कारण सोलोने ती जागा सोडलेली आहे. मूळ उंचीवर धून एकदाही वाजत नाही, तरी ऐकणाऱ्याला ती तीच धून वाटते आणि भाग पुढे सरकल्याचाही अनुभव येतो.

याच ठिकाणी मागच्या क्लॅरिनेटांना काम द्या. त्यांना साथीचा भरणा म्हणून वापरू नका. सोलोच्या प्रत्येक ओळीचा शेवटचा स्वर त्यांनी हलकेच उचलून धरावा, एक वादक, मग दोन, मग तीन. नाद एकच असल्यामुळे सोलोने श्वास घेतलेला कळतसुद्धा नाही, जणू सभागृहच तो स्वर लांबवतं आहे. उलटही करता येतं. मागून अगदी शून्यातून एक स्वर उगवतो, दोन-तीन जण मिळून तो धरतात आणि त्यातून सोलो केव्हा वेगळा झाला ते ऐकणाऱ्याला नेमकं सांगता येत नाही. शून्यातून स्वर सुरू करण्याची क्षमता सुषिर वाद्यांत क्लॅरिनेटइतकी कोणाकडे नाही. ओबोला ते झेपत नाही, पितळी वाद्यांना तर नाहीच. मोझार्टने जी मंडळी बाहेर ठेवली, तीच तुमच्याकडे सर्वांत मोठं भांडवल आहेत. ई-फ्लॅट क्लॅरिनेटपासून कॉन्ट्राबासपर्यंत पाच सप्तकांहून मोठं एकच वाद्य तुमच्या हातात आहे आणि सोलो हा त्याचा बोलणारा भाग आहे, असं धरून पुन्हा एकदा स्कोअर वाचा. कितीतरी ठिकाणी आपोआप सुचेल.

पार्टवरच्या खुणांबद्दल. या माध्यमात खुणेपेक्षा माणसांची संख्या जास्त बोलते. फ्रेडरिक फेनेलने १९५२ मध्ये ईस्टमन विंड एन्सेम्बल उभं केलं तेव्हा प्रत्येक पार्टला एकच वादक ही कल्पना मध्यभागी होती, आणि सोलो असलेल्या रचनेला ती फार मानवते. मोठ्या कॉन्सर्ट बँडमध्ये मात्र तुमची रचना वाजेल तेव्हा पहिल्या क्लॅरिनेटचा पार्ट चार-पाच जण वाजवतील. म्हणून सोलोच्या साथीत ‘एकच वादक’ आणि पूर्ण एन्सेम्बलच्या जागी ‘सगळे’ असं पार्टवर स्पष्ट लिहा. कंडक्टर समजून घेईल, यावर विसंबू नका. एकच वादक ठेवला की एक तोटाही होतो. लांब कॉर्डमध्ये आळीपाळीने श्वास घेता येत नाही, म्हणून तंतुवाद्यांसारखा अखंड गालिचा अंथरायचा हट्ट सोडावा. मरिंबाचा रोल, हार्प, पियानोची पेडल, म्यूट लावलेले ट्रम्पेट-ट्रॉम्बोन, असा तुकड्यातुकड्यांनी विणलेला आधार इथे जास्त खरा वाटतो.

संगणकाने फसवलं याचं नवल नाही. तिथे प्रत्येक वाद्याचा स्वर वेगवेगळा, जवळून ध्वनिमुद्रित केलेला असतो आणि सोलोच्या आवाजाची पातळी तुम्ही नकळत वर ठेवलेली असते. सभागृहात ट्रम्पेट-ट्रॉम्बोनची तोंडं सरळ श्रोत्यांकडे असतात. क्लॅरिनेटचा आवाज मात्र बहुतेक स्वरांना बाजूच्या उघड्या छिद्रांतून चहूकडे पसरतो, भोंग्यातून येतात ते फक्त सर्वांत खालचे स्वर. त्यामुळे वादकाने वाद्य उंच धरून काही साधत नाही. स्कोअर तपासताना प्लेबॅक बंद ठेवा आणि एक साधी गोष्ट करा: सोलोच्या प्रत्येक ओळीचा सर्वांत खालचा आणि वरचा स्वर बघा, आणि त्या दोघांच्या मधल्या जागेत कोणकोण लांब स्वर धरून आहे ते रंगवा. रंग जिथे दाट झाला तिथून वाद्यं काढायची.

द्रुत भागाची गोष्ट थोडी वेगळी. तिथे उंचीपेक्षा लय झाकते. सोलो सोळाव्या स्वरांत धावतोय आणि एन्सेम्बल प्रत्येक मात्रेवर कॉर्ड मारतंय, तर प्रत्येक मात्रेचा पहिला स्वर, म्हणजे धूनीचा आकार ज्यावर उभा असतो तोच, गाडला जातो. उरतात मधले तीन, त्यांची नुसती खळखळ. कॉर्ड सोलोच्या श्वासाच्या जागेत टाका, किंवा मात्रेच्या मागच्या अर्ध्यावर सरकवा आणि तोकडे ठेवा. नील्सनचा स्नेअर ड्रम आठवा: सोलोशी भांडायला त्याने एकच माणूस नेमला. स्नेअर ड्रमच्या नादाला ठरावीक सूर नसतो, त्यामुळे तो क्लॅरिनेटला झाकत नाही, डिवचतो. तुमच्याकडे चार-पाच तालवादक असतील. द्रुत भागात त्यांच्यापैकी एकालाच प्रतिस्पर्धी करा, बाकीच्यांना पूर्ण एन्सेम्बलच्या उसळीसाठी राखून ठेवा.

आणि बोटं. तुम्ही स्वतः क्लॅरिनेट वाजवत नसाल तर ही गोष्ट पियानोवर कळणारच नाही. तिसऱ्या घरातला सी, त्यावरचा डी-फ्लॅट आणि ई-फ्लॅट हे तिन्ही स्वर करंगळीने घ्यायचे असतात. सी आणि डी-फ्लॅट दोन्ही करंगळ्यांना मिळतात, ई-फ्लॅट नेहमीच्या फ्रेंच पद्धतीच्या वाद्यावर फक्त उजवीला. एकदा सी-डी-फ्लॅट-ई-फ्लॅट वाजवायला काहीच अडचण नाही: उजवी, डावी, उजवी. पण तेच तीन स्वर भराभर गोल फिरवा, तर ई-फ्लॅटनंतरचा सी डाव्या करंगळीला जातो, मग डी-फ्लॅट उजवीला, आणि पुढचा ई-फ्लॅट पुन्हा उजवीलाच! करंगळी एका कळीवरून दुसरीवर घसरवावी लागते आणि वेगात ती अडखळते. काही महागड्या वाद्यांवर ई-फ्लॅटची जादा कळ डाव्या बाजूलाही असते, पण ती धरून लिहू नये. मधे एक डी घातलात की प्रश्न संपला. डी ला करंगळी लागत नाही, तेवढ्यात ती मोकळी होते.

तारसप्तकातले अगदी टोकाचे स्वर, लिखित वरच्या जी च्या पलीकडचे, लिहा, पण उडी मारून नको. पायऱ्यापायऱ्यांनी चढू द्या आणि त्याआधी ओठांना विश्रांती द्या. कोपलँडलासुद्धा कॉन्चेर्टोचा शेवट जॅझ क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनसाठी सोपा करून द्यावा लागला होता, तेव्हा वादकाने एखादी जागा बदलून मागितली तर ते मनाला लावून घ्यायचं कारण नाही. सूर लावण्याबाबत एकच सूचना: जोर वाढला की क्लॅरिनेट उतरतं आणि फ्लूट चढतो. दोघांना वरच्या भागात एकाच स्वरावर ठेवून लांब क्रेसेंडो (हळूहळू वाढत जाणारा आवाज) लिहिलात, तर शेवटी ते दोघे हमखास वेगळे होणार. दोघांत सप्तकाचं अंतर ठेवा किंवा क्रेसेंडो तालवाद्यांकडे द्या.

घसीट, फ्लटर (जीभ थरथरवत वाजवणं), एकाच वेळी दोन-तीन स्वर काढणं (मल्टिफोनिक) वगैरे गोष्टी थोडक्यात. लांब, सलग घसीट वरच्या भागात सहज होते, थ्रोटच्या खाली ती तितकी गुळगुळीत होत नाही. गर्शविनच्या १९२४ च्या ‘ऱ्हॅप्सडी इन ब्लू’च्या त्या प्रसिद्ध सुरुवातीतही वादक खालचा भाग बोटांनी पळवतात आणि खरी घसीट वर गेल्यावर घेतात. मल्टिफोनिक बहुतेक अगदी हळू असतात आणि त्यांची बोटं वाद्याच्या पद्धतीप्रमाणे बदलतात, म्हणून ते पुस्तकातल्या तक्त्यावरून न लिहिता वादकासमोर बसून निवडा, आणि ते वाजताना एन्सेम्बलला पूर्ण गप्प ठेवा. कॅडेन्झा (सोलो वादक एकटाच वाजवतो तो भाग) ही त्यांची योग्य जागा. ती शेवटीच यावी असं नाही. कोपलँडने दोन भागांच्या मधे ठेवली, मेंडेलसोनने पहिल्या भागाच्या मध्यात, आणि तिथून ऑर्केस्ट्रा परत येतो तेव्हा सोलोची धावती ओळ थांबत नाही, तीच साथ बनते. तुमच्या रचनेत संथ भागाकडून द्रुत भागाकडे जाताना हे सुंदर बसेल.

वाद्यं कमी करावीत का, याचं उत्तर आता तुमच्या लक्षात आलं असेल. यादीतून एकही वाद्य काढू नका. ३५-४० वादकांचा पूर्ण आवाज हा या माध्यमाचा आनंद आहे आणि तो दोन-तीन ठिकाणी मनसोक्त उसळला पाहिजे. मात्र तिथे सोलोला लढायला लावू नका. त्याला आठ-दहा मात्रागट विश्रांती द्या, ओठांनाही ती हवीच असते. मग उसळी अचानक तोडा आणि सोलो एकटा सुरू करा. एवढ्या आवाजानंतर एकटं क्लॅरिनेट अगदी हळू वाजलं तरी शेवटच्या रांगेपर्यंत पोचतं.

पुढच्या तालमीपूर्वी दोन कामं करून ठेवा. सोलो आणि पियानो अशी आवृत्ती तयार करा. सोलो वादकाला पूर्ण एन्सेम्बल क्वचितच मिळतं, घरी सराव आणि छोट्या मैफली याच आवृत्तीवर होतात, आणि ती नसेल तर दुसरा वादक तुमची रचना हातात घेणार नाही. दुसरं, सोलोच्या पार्टमध्ये विश्रांतीनंतरच्या प्रत्येक प्रवेशाआधी साथीचे शेवटचे दोन मात्रागट छोट्या स्वरचिन्हांत छापा. नुसते ‘१७ मात्रागट थांबा’ हे पुरेसं नाही. तालमीत कंडक्टरला पहिली २० मिनिटं फक्त संथ भागासाठी मागा, आणि तेव्हा स्वतः स्टेजजवळ न बसता सभागृहाच्या मागच्या तिसऱ्या हिश्श्यात, थोडं बाजूला, स्कोअर आणि पेन्सिल घेऊन बसा.